मेंढरांच्या जागी मासे

पासष्ट वर्षांतली पन्नास वर्षं बिराप्पा कोळेकर चालत होता. दिवाळी झाली की कवठे महांकाळच्या पूर्वेचं आपलं माळरान सोडायचं, धाकटा भाऊ अर्जुना आणि दीडशे मेंढरं घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, तिकडच्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला घरी परतायचं. घरी महिनाभर राहिला तरी त्याच्या अंगात कणकण भरल्यासारखं व्हायचं. तोच माणूस आता दोन वर्षं घरामागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला होता. उजवं पाऊल घोट्यात वाकडं झालेलं, शेजारी कुबडी, आणि समोर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. एके काळी त्यात मेंढरं कोंडायचे. आता त्यात नुसतं गवत वाढलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात, मिरजेकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, उजाडायच्या सुमाराच्या धुक्यात मागून आलेला एक ट्रक कळपात घुसला. बिराप्पा कळपाच्या शेपटाला होता. चाक त्याच्या पावलावरून गेलं. अर्जुना पुढं होता, तो जागीच गेला. त्याच्याबरोबर अडतीस मेंढरं गेली. उरलेली बिराप्पा दवाखान्यात असतानाच पाहुण्यांनी परस्पर विकून टाकली, कारण त्यांच्यामागं चालायला आता कुणी नव्हतं.

पण बिराप्पाला भिंतीशी बसवून ठेवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. दवाखान्यात खाटेवर असताना पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं होतं, "कळप डांबरीवर कुणी घातला?" खरं असं होतं की अर्जुना ओढ्याकडच्या कच्च्या वाटेनं जाऊ म्हणत होता. लांब पडेल, पण गाड्यांची भीती नाही. बिराप्पाच म्हणाला होता, "धर डांबरी. ऊन व्हायच्या आत पूल वलांडू." थोरल्याचा शब्द म्हणून अर्जुनानं कळप वळवला. खाटेवर मात्र बिराप्पाच्या तोंडून निघालं, "अर्जुनानं. त्योच म्होरं हुता." का निघालं ते त्याला आजही सांगता आलं नसतं. भीती होती, आणि मेलेल्या माणसाला त्यानं आता काय होणार, असाही एक विचार चाटून गेला होता.

ते वाक्य गावात आलं आणि मुक्कामालाच राहिलं. "अर्जुनाची घाई नडली," असं टपरीवर लोक म्हणत. कुणी तर, रात्रीची घेतली असेल, असंही जोडून देई. अर्जुनानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.

अर्जुनाची बायको रंगूबाई त्याच अंगणात, भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. बिराप्पाची बायको गेली तेव्हा त्याची मुलगी माया चौथीत होती. तिला रंगूबाईनंच न्हाऊमाखू घातलं, शाळेला लावलं. चूल तेव्हापासून एकच. त्या अपघातानंतरही ती दोन वेळचं ताट बिराप्पाच्या उंबऱ्यावर झाकून ठेवायची. पण दोन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पूर्वी हीच बाई 'भावजी, आवं भावजी' करत दिवसभर त्याची थट्टा करायची. ताट ठेवताना आता फक्त भांड्याचा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकला की बिराप्पाची अर्धी भूक मरायची.

माया सांगलीत माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं ती गावी यायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायची. दर शनिवारी तिला बाप त्याच जागी, त्याच भिंतीला टेकलेला दिसायचा. एका श्रावणात ती पिकअपमध्ये बसून आली. मागं हजार लिटरची, लोखंडी जाळीतली पांढरी टाकी होती, पाइप होते, एक छोटा पंप होता आणि खडीची पोती.

"हे काय गं?" बिराप्पानं विचारलं.

"मासे पाळायचेत, आप्पा. आणि त्या पाण्यावर भाजी."

"आपल्यात कोन मासं पाळतं? हितं प्यायचं पानी आठ दिवसाला येतंय."

"म्हणूनच. यात पाणी एकदा भरायचं. तेच तेच फिरत राहतं."

तिनं खाली बसून बोटानं मातीत रेघा ओढल्या. खाली टाकीत मासे. माशांची घाण पाण्यात उतरते. ते पाणी पंप वर चढवतो, खडीच्या वाफ्यात. खडीच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव धरतात आणि त्या घाणीचं खत करतात. खत झाडं खातात, आणि निवळलेलं पाणी खाली माशांवर पडतं.

बिराप्पा त्या रेघांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी रानात मेंढरं बसवल्यागत. लेंडी-मूत रानाला, आन् मेंढराला पाला."

मायानं वर पाहिलं. दोन वर्षांत बापानं स्वतःहून मेंढरांचं नाव काढलं नव्हतं. "अगदी तसंच," ती म्हणाली.

टाकीचा वरचा भाग कापून, उलटा करून लोखंडी घोडीवर बसवला. तो झाला वाफा. बिराप्पानं बसल्या जागी खडी धुतली. पोत्यामागून पोतं, पाटीत घालून, गढूळ पाणी जाईपर्यंत. चार दिवस हात चालले. वर हिरवी जाळी बांधली, बोअरचं पाणी भरलं, पंप लावला. वाफा हळूहळू भरायचा आणि काठोकाठ आला की एकाएकी भडाभडा खाली रिकामा व्हायचा, आणि पुन्हा भरायला लागायचा. बिराप्पा पहिला सबंध दिवस ते बघत बसला.

पण मासे काही आले नाहीत. मायानं बजावलं, "सहा आठवडे नुसतं पाणी फिरू द्यायचं. ते बारीक जीव धरायला वेळ लागतो. त्याआधी मासे सोडले तर स्वतःच्याच घाणीनं मरतील." तिनं त्याला एक बारकी काचेची नळी दिली. त्यात टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, आणि थोडं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर विषारी. बिराप्पाला अक्षर येत नव्हतं, पण रंग कळत होते. लेंडीच्या रंगावरून मेंढराचं पोट ओळखणाऱ्या माणसाला हे अवघड नव्हतं.

लोक येऊन बघून जायचे. "आप्पा, डबक्याची राखण करताय व्हय?" म्हणायचे. बिराप्पा हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. रंगूबाई बोअरचं पाणी न्यायला मागच्या दारानं यायची तेव्हा त्या टाकीकडं न बघता जायची.

दसऱ्याच्या सुमाराला नळीतलं पाणी सलग आठवडाभर पिवळं राहिलं, आणि मायानं प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून साठ चिलापी मासे आणले. करंगळीएवढे. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग तोंड सोडलं. करड्या रेघा पाण्यात सुटल्या आणि तळाला जाऊन दिसेनाशा झाल्या. माया जाताना पुन्हा पुन्हा सांगत होती, "दिवसातनं दोनदा. पाच मिनटांत खातील तेवढंच खाद्य. जास्त घालायचं न्हाई, आप्पा. उरलेलं कुजतं."

"व्हय, व्हय," बिराप्पा म्हणाला.

मेंढराला हाक मारली की ते मान वळवतं. माशाला हाक कशी मारायची, हे बिराप्पाला पहिले दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी त्यानं खाद्याचा डबा टाकीच्या काठावर वाजवला, दाणे टाकले. पाचव्या दिवशी नुसता डबा वाजला तरी मासे वर यायला लागले. साठच्या साठ, एका ठिकाणी गर्दी करून. इतक्या दिवसांत त्याच्याकडं बघून कुणी धावत आलं नव्हतं. तो दुपारी डबा वाजवायला लागला. मग संध्याकाळी. मग दिवसातनं पाच-सहा वेळा. आले की रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मूठभर टाकायचा.

पंधराव्या दिवशी सकाळी तो टाकीपाशी गेला तेव्हा डबा न वाजवताच मासे वर आलेले होते. सगळे, पाण्याच्या पातळीला तोंड लावून, तोंड उघडत आणि मिटत. उपाशी कोकरू असंच तोंड वासतं. बिराप्पानं नळीत पाणी घेऊन बघितलं नाही. भूक लागलीय, एवढंच त्याला दिसलं. त्यानं दोन मुठी दाणे टाकले. एकाही माशानं खाल्ले नाहीत. ते तोंड वासतच राहिले. त्यांना भूक नव्हती. पाण्यातलं विष वाढलं होतं आणि ते श्वासासाठी धडपडत होते. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर आली.

तो शनिवार होता. माया संध्याकाळी आली तेव्हा बिराप्पा बांबूच्या चाळणीनं मेलेले मासे काढत होता. तिनं पिशवी खाली टाकली आणि आधी नळी भरली. थेंब पडले आणि पाणी गर्द हिरवं झालं.

"आप्पा, किती घालत होता?"

"दोनदाच. तू सांगितल्यागतच."

"मग असं कसं होईल?"

बिराप्पाचे हात चाळणीवर थांबले. आणि मग तेच झालं जे खाटेवर झालं होतं. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं. "रंगूबाय भाकरीचं तुकडं टाकीत आसंल. म्या कुठं दिवसभर बघतोय?"

भिंतीपलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. रंगूबाई राखेनं माखलेल्या हातांनी मागच्या दारात येऊन उभी राहिली. मायानं अवघडून विचारलं, "काकी, तू टाकलीस का गं भाकरी?"

रंगूबाईनं मायाकडं बघितलं नाही. ती बिराप्पाकडं बघत होती. दोन वर्षांनी पहिल्यांदा. "तुझा बाप म्हनतोय तर टाकली आसंल," ती म्हणाली. "त्यांनी एकदा सांगितलं की लोकं खरंच धरत्यात." आणि आत निघून गेली.

मायानं कोनाड्यातली खाद्याची पिशवी उचलून बघितली. दोन महिने पुरायची ती पिशवी तळाला गेली होती. तिनं ती परत जागेवर ठेवली. बापाला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बिराप्पाला वाटलं.

रंगूबाईचं ताट त्या संध्याकाळीही आलं. बिराप्पानं ते उघडलं नाही.

अकरा मासे जगले होते. मायानं सांगितलं, पाच दिवस एक दाणाही घालायचा नाही, आणि रोज तिसरा हिस्सा पाणी काढून नवीन भरायचं. सोमवारी ती गेली. बिराप्पा एका हातात कुबडी आणि एका हातात कळशी घेऊन बोअरपासून टाकीपर्यंत खेपा घालायला लागला. वीस पावलांचं अंतर, पण त्याच्या पायाला ते कोसभर वाटायचं. अर्धी कळशी वाटेतच सांडायची. काढलेलं हिरवं पाणी तो आळूच्या खाचरात ओतायचा. दिवसातनं चाळीस खेपा. शेजारची माणसं म्हणाली, "आप्पा, कशाला जीव काढताय? अकरा मासं, कालवन बी व्हायचं न्हाई." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याला वाटायचं, एवढं एक तरी आपल्या हातनं निस्तरावं.

नळीतला रंग गर्द हिरव्याचा पोपटी झाला, मग पिवळसर. नवव्या दिवशी पिवळा. त्या दिवशी त्यानं अकरा दाणे मोजून टाकले.

थंडीत पालकानं वाफा भरला, कडेला पुदिना पसरला. बिराप्पा रोज सकाळी पाणी तपासायचा, मग खाद्य. कितीही मासे वर आले तरी मोजून. डबा वाजवणं त्यानं सोडून दिलं होतं. पालकाची जुडी तो रंगूबाईच्या दारात ठेवायचा. ती उचलायची, शिजवायची, आणि तीच भाजी ताटातून त्याच्याकडं परत यायची. जानेवारीत मायानं आणखी चाळीस पिल्लं आणली. एकही मेलं नाही. माया खूश होती. बापाचं अंग भरलंय, बोलतो जास्त, असं ती कामावरच्या मैत्रिणींना सांगायची. बिराप्पा खरंच जास्त बोलायचा, पण फक्त पाण्याबद्दल.

मार्चमध्ये, तासगावकडं बेदाण्याचे शेड भरलेले असताना, एका सकाळी अकराच्या सुमाराला अवकाळी वारं सुटलं. पाऊस थोडाच, पण वाऱ्यानं खांब आडवे केले आणि गावातली लाइट गेली. पंप थांबला. वरून पडणारं पाणी बंद झालं. ते पाणी पडतानाच त्यात माशांसाठी हवा मिसळत होती, हे बिराप्पाला आता ठाऊक होतं. तासाभरात मासे वर यायला लागले. तीच उघडी तोंडं. या वेळी त्याला कळलं की ती भूक नव्हे.

त्यानं मायाला फोन लावला. "पाणी उचलून वरून ओता, आप्पा," ती म्हणाली. "लाइट येईपर्यंत थांबू नका. मी आत्ता निघाले तरी पोचायला संध्याकाळ होईल."

बिराप्पा टाकीच्या काठाला छाती टेकून उभा राहिला आणि तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतायला लागला. अर्ध्या तासात वाकडं पाऊल सुजलं. तासाभरात बोटं वळेनाशी झाली. तांब्या निसटून टाकीत पडला. तो काढायला वाकला तेव्हा कुबडी घसरली, आणि तो काठाला लोंबकळत राहिला.

कुणीतरी मागून दंडाला धरून त्याला खाली बसवलं. रंगूबाई होती. तिनं पदर खोचला, पाण्यात हात घालून तांब्या काढला, आणि ओतायला लागली. ती दमली की तो उठायचा, तो दमला की ती. असं दुपारभर चाललं. तिची पाळी होती आणि बिराप्पा खाली भिंतीला टेकून बसलेला होता, तेव्हा तो म्हणाला,

"डांबरी म्या धराया लावली."

तांब्या वर थांबला. मग ओतला गेला.

"अर्जुना वड्याच्या वाटनं म्हनत हुता. म्याच म्हनलो, डांबरी धर. आन् खाटंवर त्याचं नाव सांगितलं."

रंगूबाई ओतत राहिली. बिराप्पाला वाटलं, ती ओरडेल, तांब्या फेकून मारेल. त्याची त्याला तयारीही होती. मग ती बोलली, टाकीतच बघत.

"म्या रोज भांडत हुते त्यांच्यासंगं. फोटोफुडं हुबी राहून. म्हनायचे, काय अडलं हुतं रं तुझं, कशाला धरलीस डांबरी? मला माघारी टाकायची घाई झाल्ती व्हय? कवा वाटायचं, भावजी खोटं बोलत्यात. कवा वाटायचं, न्हाई, थोरला भाऊ हाय, खोटं कशाला बोलंल? मग पुन्हा त्यास्नीच शिव्या. दोन वरसं मेलेल्या मानसाला शिव्या दिल्या म्या."

बिराप्पा कुबडी ओढून उठायला लागला.

"आता माफी मागू नका," ती म्हणाली. "मागितली तर हितनं जाईन मी, आन् ही मासं मरतील."

त्यानं मागितली नाही. दिवेलागणीला लाइट आली, पंप घरघरला, आणि थोड्या वेळानं वाफा भरून पाणी खाली कोसळलं. एकही मासा मेला नव्हता. रंगूबाईनं तांब्या काठावर पालथा ठेवला, पदर सोडला आणि म्हणाली, "चार मानसांत सांगा हे. मला सांगून भागत न्हाई." त्या रात्री उंबऱ्यावर ताट आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

अंधार पडल्यावर माया पोचली. मासे जिवंत बघून ती हसत बापाकडं वळली आणि त्याचा चेहरा बघून थांबली. त्यानं तिलाही सांगितलं. अर्जुनानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं होतं. ती ऐकून घेऊन उठली आणि काकीच्या खोलीत झोपायला गेली. सकाळी ती बापाला न सांगता पहिल्या गाडीनं निघून गेली, आणि पुढचे तीन शनिवार आली नाही.

रविवारी बाजार होता. बिराप्पा धोतर बदलून, कुबडी टेकत एसटी थांब्याजवळच्या लालासाहेबांच्या चहाच्या टपरीवर गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आठ-दहा माणसं होती. त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. कोण कुठून चालत होतं, अर्जुना काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आणि मग खाटेवर काय खोटं सांगितलं. कुणी शिवी देईल, कुणी उठून जाईल, एखादा म्हातारा कानाखाली मारील, असं सगळं त्यानं वाटेत मनात धरलं होतं.

लालासाहेबांनी ग्लास विसळत ऐकलं. "आप्पा, दोन वरसं झाली की त्याला," ते म्हणाले. "आता उकरून काय करायचं? जानारा गेला. बसा, च्या घ्या." एकजण "व्हय की" म्हणाला. दुसऱ्याचा फोन वाजला आणि तो द्राक्षांच्या भावाचं बोलायला लागला. कुणी तरी विचारलं, "आन् मासं किती मोठं झाल्यात म्हनायचं?"

बिराप्पा चहा न घेता परत निघाला. ज्या खोट्यानं रंगूबाईची दोन वर्षं जाळली, ते त्यानं उघडं करून ठेवलं होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. रस्ता सरळ होता तरी त्याला तीन ठिकाणी थांबावं लागलं.

टपरीवर काय झालं ते दुपारपर्यंत रंगूबाईच्या कानावर गेलं होतं. आठवड्यानं तिची लेक सोनिया तासगावहून तिला न्यायला आली. सोनिया बेदाणा निवडायच्या कामाला जायची. आईलाही तिथं काम मिळणार होतं. जाताना रंगूबाईनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मायासाठी म्हणून शेजारणीकडं ठेवली. बिराप्पा टाकीपाशी उभा होता. सोनियानं त्याला लांबूनच नमस्कार केला. रंगूबाईच्या हातात एक ट्रंक होती आणि काखेत कापडात गुंडाळलेली फोटोची फ्रेम. ती जीपमध्ये बसली. सीझन सरला, बेदाण्याचे शेड रिकामे झाले, तरी ती परत आली नाही.

चौथ्या शनिवारी माया आली. बापाला भाकरी थापता येत नव्हती. जाड, कच्च्या, एका बाजूनं करपलेल्या भाकरी त्यानं पाटीत रचून ठेवल्या होत्या. तिनं त्या बघितल्या, हातपाय धुतले आणि पीठ मळायला बसली. दोघांत पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही. पण दर शनिवारी ती येत राहिली. तिनं बापाला भाकरी थापायला शिकवली. पाण्याचं, खाद्याचं, पानांवरच्या किडीचं बोलणं व्हायचं. त्याच्या पलीकडं कुणी जायचं नाही.

आषाढात मासे हातभर नाही, पण वीतभर तरी झाले. बघायला आता लांबून माणसं यायची. कृषी महाविद्यालयाची पोरं एकदा वह्या घेऊन आली. "पहिल्यांदा काय अडचण आली?" एकीनं विचारलं. बिराप्पानं सांगितलं, "एकुनपन्नास मासं मारलं म्या. पाण्यानं न्हाई, म्या. त्यांचं त्वांड उघडं हुतं, मला वाटलं भुक्याली हाईत." मुलीनं ते तसंच लिहून घेतलं.

पहिले मासे काढले तेव्हा मायानं तीन मासे आणि पालकाच्या चार जुड्या घेतल्या आणि सुट्टी काढून तासगावला गेली. ती जाताना बिराप्पानं काही निरोप दिला नाही; काय द्यावा ते त्याला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ती परत आली तेव्हा तो थांब्यापर्यंत चालत आलेला होता.

"घेतलं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"काय म्हनली?"

"काय न्हाई."

ते चालायला लागले. बापाच्या पायाच्या गतीनं माया हळू चालत होती. घर दिसायला लागलं तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, "कायच न्हाई?"

मायानं आठवून बघितलं. "भाजी निवडताना सोनियाला म्हणाली, पानं कवळी हाईत."

"आन्?"

"तेवढंच."

बिराप्पा थांबला, कुबडी दुसऱ्या हातात घेतली. "पुन्हा कवा जानार हाईस तिकडं?"

"बघू. महिन्याभरानं."

"मग मेथी आत्ताच टाकाया पायजे," तो म्हणाला, आणि घराकडं चालायला लागला.